शिदोरीबाईंचा सातवा दिवस

माणसं चिडली की आवाज चढवतात. शिदोरीबाई चिडल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. एरवी प्रयोगशाळेत त्या छापील बोलायच्या, कॉलेजात शिकवल्यासारखं. पण राग आला की आवाज खाली खाली जायचा आणि त्याच्याबरोबर भाषाही कृष्णाकाठच्या त्यांच्या गावी जाऊन पोचायची. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही ओळखायचो, आज कुणाची तरी धडगत नाही. मी साताऱ्याचा, सुभेदाराचा मुलगा. आमच्या घरी ताटात मीठ मागायचं तरी परेडवर हुकूम सोडल्यासारखं मागतात. राग म्हणजे आवाज, एवढंच मला माहीत. बाईंचा राग ऐकायला मात्र पुढं वाकून कान द्यावा लागायचा. "सातारकर," त्या मला म्हणायच्या, कारण माझं नाव त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही घेतलं नाही, "तुमच्याकडची माणसं आधी तोंड वाजवतात आणि मग विचार करतात. तू निदान मधे चहा तरी पीत जा."

आमच्या संस्थेची स्मरणिका निघते आहे. 'बाईंच्या त्यागाविषयी चार ओळी द्या' असा निरोप आला आणि माझं डोकं फिरलं. त्याग हा शब्द बाईंना खपत नसे. नुसता खपत नसे असं नाही, तो त्यांच्या शास्त्रातच बसत नसे. ते कसं, हे चार ओळींत सांगता येणार नाही, म्हणून सगळंच लिहायला बसलो आहे. ते हे छापतील असं वाटत नाही.

सांगलीच्या बाहेर, संस्थेच्या आवारात अगदी मागे, हळदीच्या गोदामाला लागून आमची जिवाणू खताची प्रयोगशाळा आहे. कडधान्यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ते जिवाणू वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळायचे आणि पाकिटं भरायची, हे आमचं काम. शेतकरी ती भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो. मी नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, चला, पाकिटं भरायची आणि पाच वाजले की मिरज रोडला रिक्षा धरायची. पहिल्याच दिवशी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं आणि म्हणाल्या, "बघ आणि काय दिसतंय ते सांग. पुस्तकात काय लिहिलंय ते सांगू नकोस."

काचेवर हुलग्याच्या गाठीतले जिवाणू होते, बाईंनी रंग देऊन ठेवलेले. गुलाबी काड्या दिसत होत्या आणि प्रत्येक काडीच्या पोटात काळे ठिपके, कुणात दोन, कुणात चार. मी म्हटलं, "बाई, रोग लागलाय ह्यांना." त्या हसल्या. "रोग नाही, शिदोरी आहे ती." मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं कित्येक शेतकरी मेळाव्यांत त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. झाडानं दिलेल्या साखरेचं जिवाणूला दोन प्रकारे काही करता येतं. ती जाळून त्या जोरावर झाडासाठी नत्र बनवायचा, किंवा तिच्यातला थोडा भाग चरबीसारखा दाणा करून पोटात बांधून ठेवायचा. "शेंगा पिकल्या की गाठ कुजते," बाई सांगायच्या, "आणि हा बाहेर मातीत पडतो. पुढचे आठ महिने झाड नाही, पाणी नाही, वाढायला कुणी नाही. तेव्हा हा दाणा काढून खातो. ज्याच्याजवळ दाणा नाही, तो पुढच्या पावसापर्यंत पोचत नाही." मेळाव्यात पुढं बसलेल्या बायका पटापट माना डोलवायच्या. पुरुष विचारायचे, अनुदान किती आहे.

बाईंच्या स्वतःच्या टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा असायचा, गूळ-शेंगदाण्याचा. त्या जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायच्या, कांदा-बटाटा नाही, पण शेंगदाण्याला ना नव्हती. आमच्या एका सहकाऱ्यानं एकदा खवचटपणे विचारलं, "बाई, शेंगासुद्धा जमिनीखालीच येतात की, त्या कशा चालतात?" बाईंनी त्याच्या हातावर दाणे ठेवत म्हटलं, "ती शेंग आहे, कंद नाही. फूल वर येतं आणि मग शेंग माती शोधत खाली जाते. पगार शेतीच्या संस्थेचा घेतोस, एवढं तरी शीक." त्या डब्यातून दुपारी सगळ्यांना मिळायचं, पण डबा कधी तळाला गेलेला मी पाहिला नाही. मूठभर दाणे शिल्लक राहिले की झाकण लागायचं, मग समोर साहेब असोत की शिपाई.

आणखी एक सवय सांगतो, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. जुनी, वापरलेली जिवाणूंची भांडी ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर निर्जंतुक करावी लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्यात जिवंत काही राहत नाही. ज्या बाईंच्या घरी पाणी गाळून पितात, त्यांना हे काम रोज करायला लागायचं. झाकण आवळल्यावर, बटण दाबायच्या आधी, बाई दोन्ही हात जोडून क्षणभर उभ्या राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, "क्षमा असावी." आम्ही मागे हसायचो. मी नक्कल करून दाखवायचो, आणि ती चांगली वठायची. एकदा त्यांनी मला नक्कल करताना पकडलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हसा, पण बटण दाबायच्या आधी एकदा थांबत जा. आत काय घातलंय ते थांबल्यावर आठवतं."

बाईंचा जीव कशात होता म्हणाल तर एका नळीत. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या जिवाणूंच्या एकेचाळीस नळ्या होत्या, आणि त्यातली एक 'जत-सात'. ती आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. जतच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून, एक खडकाळ माळ होता. सलग तीन वर्षं पाऊस जेमतेम. गावात टँकरपुढं घागरींची रांग, आणि त्या माळावर पाऊल बुडेल एवढाही हुलगा नाही, पण आहे तो हिरवागार. माळ मलव्वाचा. म्हातारी, मेंढरं राखणारी, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. ती म्हणाली, "आक्का, ह्यो कुनी पेरला न्हाई. मेंढरं खात्यात, बी सांडतंय, आपला आपन उगवतोय. खत न्हाई, पाकीट न्हाई, काय बी न्हाई." बाईंनी खुरप्यानं एक रोप उपटलं. मुळांवर गाठी होत्या. नखानं एक गाठ फोडली तर आत लालसर, म्हणजे काम चालू असलेली. बाई तिथंच मातीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. मलव्वानं आम्हाला हुलग्याचं गरम माडगं पाजलं. बाई सूर्याकडं एकदा बघून ते दोन वाट्या प्यायल्या.

त्या गाठींतून वेगळा केलेला सातवा जिवाणू म्हणजे जत-सात. त्याच्या पोटात मी कधी पाहिले नव्हते एवढे काळे दाणे होते. बाईंनी त्याला कोरड्या मातीत वर्षभर ठेवून बघितलं, तापवून बघितलं, उपाशी ठेवून बघितलं. जिवंत. पण स्वभावानं तो भयंकर संथ. आपले नेहमीचे जिवाणू, त्यांचं खाद्य ओतलेल्या काचेच्या प्लेटवर रेघ ओढली की तिसऱ्या दिवशी चिकट थेंबांसारखे फुगून येतात. जत-सात तिसऱ्या दिवशी काही नाही, चौथ्या दिवशी काही नाही, पाचव्या दिवशी प्लेट धुतल्यासारखी कोरी. सातव्या दिवशी सकाळी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. पहिल्या खेपेला मी पाचव्या दिवशीच प्लेटा टाकायला निघालो होतो. बाईंनी मनगट धरलं. "जो शिदोरी बांधून चालतो तो सावकाश चालतो, सातारकर. सातवा दिवस उजाडल्याशिवाय ह्याला मेला म्हणायचं नाही."

पुराच्या वर्षी कृष्णेचं पाणी आमच्या आवारात शिरलं, तेव्हा सगळ्यांनी आधी कॉम्प्युटर वर नेले, मग कपाटातल्या फायली. बाई साडीचा ओचा खोचून कमरेएवढ्या पाण्यातून प्रयोगशाळेत गेल्या आणि भाकरीच्या बुट्टीत त्या एकेचाळीस नळ्या घालून, बुट्टी डोक्यावर घेऊन बाहेर आल्या. मागून मी, हातात त्यांचा शेंगदाण्याचा डबा घेऊन. वीज आठ दिवस नव्हती. बाईंनी नळ्या भावाच्या घरी माळ्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून, माठाशेजारी ठेवल्या. एकही मेली नाही. हे मी का सांगतो आहे, तर पुरानं जे केलं नाही ते आम्ही पुढच्या वर्षी कोरड्या पायांनी केलं.

पूर ओसरला आणि नवे साहेब आले. माणूस हुशार, इस्त्रीचा, बोलण्यात साखर. त्यांनी येताना बाहेरून एक नवा जिवाणू आणला होता. हा पठ्ठ्या तिसऱ्या दिवशी प्लेट भरून टाकायचा आणि पोटात दाणा जवळजवळ नाहीच. मिळेल ती साखर जाळायची आणि सगळं झाडाला द्यायचं. कुंड्यांमध्ये तुलना लावली तेव्हा त्याची झाडं जत-सातच्या झाडांपेक्षा चांगली चार बोटं उंच निघाली. साहेबांनी फोटो काढले. बाई कुंड्यांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, कुंडीत रोज पाऊस पडतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण झारीनं पाणी घालतो. जतला झारी घेऊन कोण जाणार? हा तुमचा जिवाणू पुढच्या वर्षी त्या मातीत शोधून सापडायचा नाही."

"उत्तमच की!" साहेब हसले. "शेतकरी पुढच्या वर्षी नवीन पाकीट घेईल. बाई, आपल्याला जिवाणूंचा वृद्धाश्रम चालवायचा नाहीये."

बाईंचा आवाज खाली गेला. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. "जो सगळं दिऊन टाकतोय त्याचा फोटो निघतोय साहेब. पन परत पेरायच्या येळंला त्यो नसतोय." साहेबांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी दुसऱ्या बाजूनं आणखी एक फोटो काढला.

त्यानंतर एक तपासणी तक्ता आला. नव्या जिवाणूसाठी बनवलेला, पण झेरॉक्स काढून सगळ्यांना लावला. त्यात रकाना होता: 'तिसऱ्या दिवशी वाढ, होय किंवा नाही.' नाही असेल तर पुढचा रकाना: 'मृत, नष्ट करावे.' सातव्या दिवसाला जागाच नव्हती. बाईंनी त्यावर पत्र लिहिलं, मग दुसरं पत्र लिहिलं. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. मग भाद्रपद आला आणि बाई दशलक्षणाच्या दहा दिवसांच्या रजेवर गेल्या. उपवास, पूजा, मंदिर. वर्षातून एवढीच रजा त्या घ्यायच्या. जाताना मला म्हणाल्या, "फ्रीजकडं बघ हां." मी म्हटलं, "बाई, निर्धास्त जा."

तिसऱ्याच दिवशी साहेबांचा हुकूम आला की फ्रीजमधले सगळे जुने नमुने तक्त्याप्रमाणे तपासून निकाली काढा, पुढच्या आठवड्यात वरून पाहणी आहे. मी एकेचाळीस प्लेटा लावल्या. तिसऱ्या दिवशी बावीस भरल्या, एकोणीस कोऱ्या. त्या एकोणिसांत जत-सात होती. मला माहीत होतं. सातवा दिवस काय असतो हे त्या इमारतीत बाईंच्या खालोखाल कुणाला माहीत असेल तर मला. मी साहेबांना म्हणालोही, पण कसं म्हणालो? दारात उभा राहून, घसा साफ करत, "सर, काही नमुने जरा स्लो असतात." साहेब म्हणाले, "तक्त्यात तसा रकाना आहे का?" त्यांच्या टेबलावर मला नोकरीत कायम करण्याची फाईल होती. ती त्यांनी माझ्याकडं सरकवली नाही, उघडली नाही, तिच्याकडं बघितलंही नाही. मीच बघितलं. साताऱ्याचा सुभेदाराचा मुलगा, जो रिक्षावाल्याशी मीटरवरून भर चौकात भांडतो, तो खाली मान घालून आला आणि त्यानं एकोणीस वेळा लिहिलं: 'नाही. मृत.' खाली सही. मग नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, झाकण आवळलं आणि बटण दाबलं.

एक नळी शर्टाच्या खिशात मावते. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

बाई रजेवरून आल्या, फ्रीज उघडला आणि बराच वेळ उघडाच ठेवला. मग तक्ता मागितला. वाचला. माझी सही बघितली. मी बोलायला सुरुवात केली, साहेब, पाहणी, फाईल, सगळं एकदम. त्यांनी हात वर केला. मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. निदान रडतील. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला अगदी तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"सातारकर, बटन दाबायच्या आदी हात तरी जोडलास का रं?"

मी नाही म्हणालो. त्या जाऊन टेबलाशी बसल्या, खण उघडला, डबा काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला शेंगदाणे न देता झाकण लावलं.

मी कायम झालो. बाई त्यानंतर आठएक महिन्यांनी निवृत्त झाल्या. जतचा दौरा पुन्हा मंजूर करावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज नामंजूर झाला. शेरा होता, 'पुनरावृत्ती.' मला त्यांनी बरोबर येतोस का म्हणून विचारलं नाही, आणि मीही, येऊ का, असं विचारलं नाही. माझ्याशी त्या शेवटपर्यंत नीट बोलत होत्या, शुद्ध बोलत होत्या, आणि ते मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागायचं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. पोटाचा आजार होता, कुणाला सांगितला नव्हता.

शोकसभेत साहेब बोलले. हार घातलेल्या फोटोकडं हात करून म्हणाले, "बाईंनी या संस्थेला आपलं सर्वस्व दिलं. हाती काही राखून ठेवलं नाही." टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून सांगायला हवं होतं की अहो, त्या बाईनं जन्मभर हेच सांगितलं की सगळं देऊन टाकू नका, थोडं राखा, राखणारा टिकतो आणि टिकतो तोच पुढच्या पिकाला उपयोगी पडतो. त्यांनी सर्वस्व दिलं नाही. ते तुम्ही वाफेवर घातलं, आणि बटण मी दाबलं. हे सगळं मी मनात मोठ्यांदा ओरडलो. नंतर रांगेत उभा राहून फोटोला फूल वाहिलं. चहासुद्धा घेतला.

चार वर्षं मी जतकडं फिरकलो नाही. आता प्रयोगशाळा माझ्याकडं आहे. साहेब बढतीवर पुण्याला बसतात. तक्ता तोच. गेल्या आठवड्यात एका मेळाव्यासाठी तिकडं जावं लागलं, आणि परत येताना मी ड्रायव्हरला गाडी त्या माळाकडं घ्यायला लावली. माळ राहिलेला नव्हता. मलव्वाच्या पुतण्यानं जमीन सौरऊर्जेच्या एका कंपनीला भाड्यानं दिली होती. वरची माती खरवडून सपाट केलेली, काळ्या काचांच्या रांगा, भोवती तारेचं कुंपण. मलव्वा कुंपणाबाहेर लिंबाखाली बसली होती, पूर्वीपेक्षा अर्धी झालेली. मला ओळखायला तिला वेळ लागला. "आक्का न्हाई आली?" मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला आणि कानडीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मग पदर बाजूला करून माझ्याकडं बघितलं.

"मग तू येवड्या उशिरा आलास व्हय रं?"

मला वाटलं, ती बाईंच्या मरणाविषयी म्हणते आहे. पण तसं नव्हतं. निवृत्त व्हायच्या आधी एका रविवारी, भर उन्हाळ्यात, बाई एकट्या एसटीनं तिथं आल्या होत्या. कुंपण तेव्हा नुकतंच घातलं होतं. जमिनीवर हिरवं काडीभर नव्हतं, म्हणजे गाठी मिळायचा प्रश्नच नव्हता. बाई कुंपणाच्या कडेनं सगळी जमीन फिरल्या. तार आणि गाडीवाट यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक पट्टी यंत्रानं खरवडायची राहून गेली होती. तिथं त्या बसल्या, माती मुठीत घेतली आणि पिशवीतून हुलग्याचं पुडकं काढून मलव्वाला दिलं.

"म्हनली," मलव्वा सांगत होती, "मलव्वा, दरसाली पाऊस पडला की मूठभर हितं टाकत जा. आलेलं समदं काडू नगं, थोडं सांडू दे. म्हनली, सातारकर यील कवातरी. त्याला डोस्कं उशिरा चालतंय, पन यील. तवर टाकत ऱ्हा. मी टाकत्येय, यप्पा. चार सालं झाली. तू न्हाईसच आलास."

त्या पट्टीत हुलगा होता. गुडघ्यापर्यंतही नाही, धुळीनं मळलेला. मी चार रोपं मुळासकट खणली. गाठी होत्या. एक फोडली, आत लालसर. मी तिथंच मातीत बसलो. हसू मात्र आलं नाही. मला राग आला. त्यांच्यावर आला, की एवढा विश्वास टाकायचा होता तर मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? आणि मग कळलं, सांगितलं असतं तर मी लगेच आलो असतो. हुकूम पाळायला आलो असतो, जसा बटण दाबायला गेलो होतो. त्यांना तसा मी नको होता. चार वर्षं मी ज्या माळाकडं पाठ फिरवली, त्याची उरलेली पट्टी एक म्हातारी मूठमूठ हुलग्यावर जगवत होती. हा राग आता माझ्याकडंच राहणार आहे. तो कुणाला देऊन टाकायची माझी इच्छा नाही.

गाठी सांगलीला आणल्या, धुतल्या, ठेचल्या आणि प्लेटवर रेघा ओढल्या. ह्या गाठींत जत-सातचेच वंशज आहेत की वाऱ्यानं आलेला दुसराच कुणी, ते मी आज सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या होत्या. तक्त्यातला रकाना मी भरला नाही. चौथ्या दिवशी कोऱ्या, पाचव्या दिवशी कोऱ्या. आज सहावा दिवस. सकाळपासून प्लेटा चार वेळा उजेडाला धरून बघितल्या. काही नाही.

प्लेटांची रोजची नोंद पुण्याला जाते; दुपारी तिथून साहेबांचा फोन आला. तक्ता अजून का आला नाही, तीन दिवस झाले, कोऱ्या प्लेटा कशाला अडवून ठेवल्यात, आजच्या आज निकाली काढा. मी उभा राहिलो. पाठीमागं ऑटोक्लेव्हचं झाकण उघडं होतं. छातीत हवा भरून घेतली, साताऱ्याचा घेतो तशी, की आता ह्या माणसाला सगळ्या वर्षांचं एकदम सुनवायचं. आणि आवाज निघाला तो खाली. इतका खाली की पलीकडून साहेब "हॅलो? हॅलो?" करायला लागले.

"उद्या सातवा दिस हाय," मी म्हणालो. "तवर हितं कुनी हात लावायचा न्हाई."

"काय? जरा मोठ्यांदा बोला, ऐकू येत नाहीये."

"मग कान द्या," मी म्हणालो, आणि तेच वाक्य आणखी हळू आवाजात पुन्हा सांगितलं.